कोऱ्याचा मान

मंगळवार, ३

लिहायचं लिहायचं म्हणत टाळत आलो, हे आधी कबूल करून टाकतो. ही डायरी मामींनी मी आलो त्याच दिवशी हातात ठेवली होती. पहिल्या दिवशी पेन सापडेना. मग सापडलं तर त्यातली रिफील वाळलेली. रिफील आणायला निघालो तर कोपऱ्यावर क्रेन एका उलटलेल्या ट्रकला उचलत होती. ते बघत उभा राहिलो, ट्रक सरळ झाल्यावर लोकांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि तसाच घरी आलो. रिफील राहिलीच. आता पेन्सिलीनं लिहितोय.

मी इथे चार दिवसांसाठी आलो होतो. त्याआधी बेकरीत होतो, त्याआधी कुरिअर वाटत होतो, मध्ये एका सर्कशीच्या तंबूचे खुंटेही ठोकले. एका जागी टिकत नाही म्हणून आई मला 'पाहुणा' म्हणते. मामांनी ते नाव उचललंय. "पाहुणे उठले का?" अशी सकाळ होते.

मामा बसस्थानकावर घोषणा करायचे. जन्मभर माइकसमोर बसून लोकांना गाड्या दाखवल्या. निवृत्त झाले आणि नजर गेली. मामी म्हणतात त्यांना कशाचंच एवढं वाईट वाटलं नाही, फक्त काचनदीच्या गोष्टीचं वाटलं. ती राजे, नद्या, जादू, लढाया असली पाच जाड पुस्तकांची कादंबरी आहे. पहिले चार भाग मामांनी इतक्यांदा वाचलेत की पुठ्ठे सुटलेत. पाचवा भाग आला तेव्हा डोळे गेलेले. फोनमधली बाई वाचून दाखवते ते त्यांनी करून पाहिलं. म्हणाले, "ती बाई मरण आणि चहा एकाच सुरात वाचते. नको."

तर तो पाचवा भाग मी वाचून दाखवायचा असं ठरलंय. चार दिवस कधीच उलटून गेले.

गुरुवार, ५

वाचन सुरू झालं. दुपारी चहानंतर, खिडकीपाशी. मी स्टुलावर, मामा आरामखुर्चीत.

माझी शाळा अर्धवट राहिली हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती किती अर्धवट आहे ते आज मलाच कळलं. पहिल्याच पानावर 'राज्यारोहणप्रसंगी' आला. मी त्याला तीन तुकड्यांत गिळला. पुढे सगळ्या घराण्यांची नावं, कुणाचा कोण चुलता, कुणी कुणाला कुठल्या किल्ल्यात कोंडलं. जीभ नुसती ठेचकाळत होती. कान तापले होते.

मामा म्हणाले, "सावकाश. गाडी सुटायला वेळ आहे."

स्वयंपाकघरातून मामी बोलल्या, "त्या दातांच्या डॉक्टरीण बाई रोज यायला तयार होत्या. फाडफाड वाचतात. हेच नको म्हणाले."

का नको म्हणाले कोण जाणे. बाईंचा दरारा वाटत असेल.

सोमवार, ९

काल मामांना घेऊन मंडळात गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे दर रविवारी काचनदीवाले जमतात. अर्धे पुस्तकवाले, अर्धे पडदेवाले. प्रत्येक भागावर सिनेमा निघालाय आणि यांचं भांडण तेवढंच: पुस्तक खरं की सिनेमा बरा. मला वाटलं होतं शाळकरी पोरं असतील. सगळी बाप्ये आणि बायका, नोकरीधंदा करणारी.

पुस्तकवाल्यांच्या पुढारी म्हणजे दातांच्या डॉक्टरीण बाई. पडदेवाल्यांचा पुढारी रंगाच्या दुकानात कामाला आहे. तो सिनेमातल्या नावाडिणीसारखा करडा झगा घालून येतो, स्वतः शिवलेला. सगळे त्याला झगेवालाच म्हणतात.

"बाई, पुस्तकात शंभर पानं नुसतं धुकं आहे," झगेवाला म्हणाला. "सिनेमात एका मिनिटात विरतं. आम्ही काय कंदील घेऊन बसायचं?"

"तुम्हाला धुक्यात काही दिसत नाही, हा धुक्याचा दोष?" बाई म्हणाल्या. "आणि तो झगा धुवा. जवळ बसवत नाही."

मी इतका हसलो की खालचा सायकलवाला वर बघायला आला.

पण यांचा एक रिवाज आहे, तो लिहून ठेवायला हवा. कुठल्याही भागावर चर्चा सुरू होते तेव्हा पहिला शब्द 'कोऱ्या'चा. कोरा म्हणजे ज्यानं पुस्तक वाचलंय पण सिनेमाचं एक चित्रही पाहिलेलं नाही. त्याचं बोलून होईपर्यंत कुणी मध्ये तोंड घालत नाही. नंतर दोन्ही पक्षांनी वाटेल ते करावं. पूर्वी कोरा कोण यावरून रुसवेफुगवे व्हायचे म्हणे. आता नजर गेल्यापासून मामाच कायमचे कोरे.

"माझ्याइतका कोरा आता सापडायचा नाही," मामा म्हणाले आणि सगळे हसले. मामाही हसले. ताठ बसले होते. घरी ते असे बसत नाहीत.

पाचव्या भागाचा सिनेमा लागलाय. पण मामांचं पुस्तक ऐकून होईपर्यंत त्याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही, असं सगळ्यांनी कबूल केलंय. झगेवाल्यानंसुद्धा. बावीस तारखेचा रविवार ठरला. परत येताना मामांनी माझा दंड धरला होता. "तुझ्यावर आहे रे सगळं," म्हणाले.

बुधवार, ११

होत नाही माझ्याच्यानं. दोन पानं एक राजपुत्र भिंतीवरच्या शेवाळाकडे बघतो. दोन पानं! मी शेवाळ उडवलं. मग एका राजाचं वंशावळीचं पान उडवलं. नंतर एक अख्खं प्रकरण, कारण त्यात सुरुवातीलाच तीन जोडाक्षरं एकावर एक बसली होती.

मामा एकदा मान तिरकी करून म्हणाले, "पानं जाड आहेत का रे या भागाची? एकदम दोनदोन उलटल्यासारखी वाटतात."

"नवीन आहेत ना, चिकटतात," मी म्हणालो.

म्हातारपणी माणसाला कसकसले आवाज ऐकू येतात.

शुक्रवार, १३

मामांच्या डोळ्यात घालायचं औषध आणायला गेलो होतो. औषधाच्या दुकानासमोर सिनेमागृह आहे, यात माझा काही दोष नाही. बाहेर नावाडिणीचं भलंमोठं चित्र. नुसतं चित्र बघायला रस्ता ओलांडला, आणि ओलांडलाच आहे तर तिकीट काढलं.

काय सिनेमा आहे! वेळ कसा गेला कळलं नाही. पूल जळताना माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती, तिचा नवरा तिला रुमाल देत होता, आणि स्वतःचे डोळे बाहीला पुसत होता. बाहेर आलो तर दुकान बंद. औषध राहिलं. मामींना सांगितलं की संपलंय, उद्या येणार.

येताना डोक्यात एक विचार आला. एवढा पैसा ओतून काढलाय, पुस्तकातलंच दाखवलं असणार. दुसरं कुठून आणतील?

शनिवार, १४

आज कमाल झाली. पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं आणि डोळ्यांपुढून सिनेमा सोडला. घोडदळ, धूर, वेशीवरची घंटा, सगळं. एकदाही अडखळलो नाही. मामी पीठ मळायच्या हातांनीच दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, आज बघ कसा वाचतोय," मामा म्हणाले.

आजवर मला वाचण्यावरून कुणी शाबासकी दिलेली नाही. शाळेत माझी पाळी आली की वर्ग आधीच हसायला लागायचा. मी आणखी जोरात वाचायला लागलो. वाचायला म्हणजे तेच ते.

मामांनी मध्येच विचारलं, "पान नाही उलटलंस बराच वेळ?"

मी उलटलं. चांगलं आवाज करून.

सोमवार, १६

नावाडीण मेली. म्हणजे आज तो भाग आला. सैन्य पलीकडे सुटावं म्हणून ती जळत्या पुलावर एकटी थांबते, दोर कापते आणि पुलाबरोबर नदीत जाते. मी जीव तोडून सांगितलं. मलाही रडू आलं.

ही नावाडीण मामांची पहिल्या भागापासूनची. लोकांना एका काठावरून दुसऱ्या काठावर सोडते, कुठल्याच राजाची नाही. स्थानकावर कंटाळवाण्या दुपारी ते माइक बंद करून तिचं प्रकरण वाचत, असं मागे सांगत होते. आज म्हणाले, "परत वाच. तेवढंच."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. परत वाच म्हणजे? मगाशी नक्की काय बोललो होतो? आठवेल तसं पुन्हा सांगितलं.

"मगाशी ती दोर कुऱ्हाडीनं कापत होती," मामा म्हणाले.

"नाही, सुऱ्यानंच. तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल, मामा."

"असेल," ते म्हणाले.

संध्याकाळी जेवायला बसले आणि दोन घास खाऊन उठले. मामींनी मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी पण खुणेनंच सांगितलं, पुस्तकातलं कुणीतरी गेलं. मामींनी कपाळाला हात लावला. मला मात्र थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू. माझ्या वाचनानं एक माणूस उपाशी उठला.

शनिवार, २१

पुस्तक संपलं. मामांनी ते हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं, तळहातावर तोललं.

"एवढ्यात संपलं? हाताला तर बरंच लागतं."

"मी आता पटापट वाचतो ना."

"हो, ते खरं." मग जरा थांबून, "अधूनमधून अडखळायचास ते बरं वाटायचं रे. कोणी तरी समोर बसलंय असं वाटायचं."

याला काय म्हणावं? अडखळलो तर पंचाईत, नाही अडखळलो तरी पंचाईत. उद्या मंडळ आहे. मामींनी त्यांचा निळा शर्ट काढून ठेवलाय.

रविवार, २२

आज काही लिहीत नाही.

मंगळवार, २४

बसस्थानकाजवळच्या एका लॉजमध्ये आहे. दुसऱ्या गावी. वरचा पंखा फिरताना कुरकुरतो आणि मध्येच थांबून विचार करतो, मग पुन्हा फिरतो. त्याच्याबद्दल मला पुष्कळ लिहिता येईल. पण ते टाळणंच होईल, म्हणून रविवारचं लिहितो.

खोली भरली होती. खालून आणखी खुर्च्या आणल्या. मामा उठून उभे राहिले तेव्हा झगेवाल्यानंच सगळ्यांना गप्प केलं: "शूऽऽ, कोऱ्याचा मान."

मामांचा आवाज अजूनही तसाच आहे, स्थानकभर पोचणारा. ते म्हणाले, "बाकी उणंदुणं नंतर काढू. पण पुलावरचं मरण! इतकी वर्षं ही गोष्ट वाचतोय, असं पान मिळालं नव्हतं. ती दोर कापते आणि मागे वळून बघत नाही. सिनेमावाल्यांनी हे कसं दाखवलंय मला माहीत नाही. पण मी आत्ताच सांगतो, हे त्यांना जमलेलं नसणार. हे फक्त पुस्तकालाच जमतं."

कुणी हललं नाही. मला वाटलं, भारावले.

मग झगेवाला फुटला. त्याला आवरेचना. "मामा! अहो मामा! ते आमचंच आहे! सिनेमातलं आहे ते!"

"काय?"

डॉक्टरीण बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मामा, पुस्तकात ती मरत नाही. पूलच नाहीय पुस्तकात."

मागून कोणीतरी ओरडलं, "कोऱ्यानं सिनेमा पाहिला रे!" आणि हशा. वाईट मनानं नव्हे, गंमतच वाटली त्यांना. आंधळ्या माणसानं सिनेमा पाहिला. पण हशा तो हशाच. मी तो शाळेत पुष्कळ ऐकलाय, मला त्याची जातकुळी कळते.

मी मामांच्या शेजारी बसलो होतो. हातात पाण्याचा ग्लास होता. उठून एवढंच म्हणायचं होतं की मी वाचलंच नाही, मी यांना सिनेमा सांगितला. दोन वाक्यं. जोडाक्षरसुद्धा नाही त्यात म्हणण्यासारखं. मी पाणी पीत राहिलो. ग्लास रिकामा झाला तरी पीत राहिलो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "याने वाचून दाखवलं ना तुम्हाला?"

तेवढ्यात मामा म्हणाले, "हा बिचारा नीट वाचतो. माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल. वय झालं. बाहेर कुणाचं तरी बोलणं कानावर पडलं असेल आणि मी त्यात मिसळलं असेल." मग पुन्हा तो मोठा आवाज लावून, "तेव्हा मंडळी, माझा पहिला शब्द काढून टाका. यापुढे कोरा दुसरा बघा." आणि खुर्ची चाचपायला लागले. खुर्ची मी सरकवायला हवी होती. बाईंनी सरकवली.

मामांना खरंच वाटतंय की त्यांच्याच कानांनी घोटाळा केला. हे माझ्या उरावर बसलंय. डोळे गेलेल्या माणसाला मी सांगितलं की तुझे कानही गेले, आणि त्यानं ते मानलं.

पण त्याहून वाईट पुढे आहे. घरी परतताना माझ्या दंडाला धरून चालत होते. मग सहज, जसं हवापाण्याचं विचारावं तसं, म्हणाले, "चांगला आहे का रे सिनेमा?"

मी म्हणालो, "मी कुठं पाहिलाय?"

"बरं," मामा म्हणाले.

एवढंच. दाराशी त्यांनी दंड सोडला, आणि स्वतःच कडी शोधली.

ते 'बरं' मला काल सकाळपर्यंतच सोसलं. मामी दूध आणायला गेल्या, मामा आंघोळीला. पिशवी भरली आणि पाय काढला. मला पाय काढता येतो, दुसरं काही येत नाही. इथे येऊन पिशवी उपडी केली तर कपड्यांत पाचवा भाग. घाईत उशाखालचं सगळं कोंबलं होतं, त्यात आला. म्हणजे आता पुस्तकही पळवलं.

बुधवार, २५

दिवसभर खोलीत. शेवाळ वाचलं. दोन पानं नाहीत, तीन आहेत. तो राजपुत्र शेवाळाकडे बघतो कारण लहानपणी त्याच्या धाकट्या बहिणीनं तिथे नाव खरवडलं होतं आणि ते आता झाकलंय. मी हे उडवलं होतं. मामांनी चार भाग त्या बहिणीची वाट पाहिली होती.

मोठ्यानं वाचतोय, रिकाम्या खाटेकडे तोंड करून. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली. आवाज कमी केला, पण थांबलो नाही.

मामींचा फोन आला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जेवलास का?" म्हणाल्या.

"मामी, पुस्तक माझ्याकडे आलंय चुकून. कुरिअरनं पाठवतो."

"कुठे उतरलायस तेवढं सांग. लिहून घेते."

सांगितलं. मग विचारलं, "मामा काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार? काल डॉक्टरीण बाई आल्या होत्या, स्वतःचं पुस्तक घेऊन. राहिलेलं मी वाचते म्हणाल्या. यांनी चहा पाजून परत पाठवलं. म्हणाले, वाचणारा आहे माझा, जरा बाहेर गेलाय."

मामींचा स्वभाव मऊ आहे. मला वाईट वाटू नये म्हणून रचून सांगितलं असणार.

"आणि मंडळात?"

"त्याचं नाव काढत नाहीत. रविवारचा शर्ट मी धुवायला टाकला, तर म्हणाले, घडी करून आत ठेव, आता लागायचा नाही."

फोन ठेवल्यावर पंखाही थांबला. बराच वेळ फिरला नाही.

गुरुवार, २६

आज शेवटच्या प्रकरणाला पोचलो. अडखळत, पण एक ओळ सोडली नाही. एका शब्दासाठी खाली मॅनेजरकडेही गेलो. त्याला पण येत नव्हता, मग आम्ही दोघांनी मिळून लावला.

नावाडीण मरत नाही. लढाईच्या आदल्या दिवशी राजाचा माणूस तिला बोलवायला येतो, ती नाही म्हणते. होडी डोक्यावर घेते आणि नदीच्या काठानं वर चालायला लागते, एकटी. तिकडे लढाई होते, माणसं मरतात, गाणी रचली जातात. शेवटच्या पानावर ती म्हातारी झालीय, वरच्या अंगाला एका लहान पात्रात लोकांना या काठावरून त्या काठावर सोडते. होडीत एक तरुण बसलाय. तो तिला विचारतो, आजी, ती लढाईतली नावाडीण, तिचं पुढे काय झालं हो? ती वल्हं मारता मारता म्हणते, गेली म्हणतात. आणि त्याला काठाला लावते.

संपलं. मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडून तेवढंच पान वाचलं. मग पुन्हा. पुलावर मला रडू आलं होतं, इथे आलं नाही. हे पान मामांचं होतं. इतकी वर्षं ज्या बाईबरोबर दुपारी काढल्या, ती सुखरूप घरी पोचलीय, आणि ते तिकडे तिचं सुतक धरून बसलेत. माझ्यामुळे. कोऱ्याचा मान गेला तो गेला, मंडळ विसरेलही. पण हे कुणी सांगायचं त्यांना?

कुरिअरवाल्याला दुपारी यायला सांगितलं होतं. पुस्तक कागदात गुंडाळलं, वर पत्ता घातला. चिठ्ठी लिहायला बसलो. 'मामा, ती मेली नाही' एवढं लिहिलं आणि लक्षात आलं की चिठ्ठी वाचून कोण दाखवणार? मामी. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून. चिठ्ठी फाडली. गुंडाळी सोडली. मग पुन्हा बांधली. आपण जावं असं वाटतं, आणि ते 'बरं' आठवलं की पाय उचलत नाहीत. पाय काढणाऱ्याचे पायच उचलत नाहीत, बघा.

खालून मॅनेजर हाका मारतोय. कुरिअरवाला आला असेल.

कुरिअरवाला नाही. मॅनेजर अर्ध्या जिन्यात येऊन ओरडला, "अहो, तुमच्याकडे कुणी आलेत! निळ्या शर्टातले. दिसत नाही त्यांना. बसमधून उतरून सरळ इथेच आलेत. मी हात धरायला गेलो तर म्हणाले, राहू दे, नुसती खोली सांग."

"बरोबर कुणी बाईमाणूस आहे का?" मी विचारलं.

"कुणी नाही."

जिन्यात काठीचा आवाज येतोय. एका पायरीवर थांबतो, चाचपतो, पुढे येतो. मी गुंडाळी सोडलीय. स्टूल खिडकीपाशी ओढलंय. इथे आरामखुर्ची नाही, खाटच आहे.

मामा एकटे आलेत.